‘ओसाड’ मागे घेते, ‘एकटी’ नाही

नमस्कार दादा,

माझ्या थारच्या प्रवासलेखावरच्या प्रतिक्रियेची ‘ताई, राग मानू नका’ म्हणून सुरुवात केलीत आणि पुढे चांगलं झोडपलंत. राग आला होता, खोटं कशाला बोलू? म्हणून तर उत्तराला आठ दिवस लागले.

बाकीच्यांना प्रतिक्रिया शोधत बसायला नको, म्हणून तुमचे दोन आक्षेप आधी सांगते. जैसलमेर ते तनोट या सुमारे १२० किलोमीटरच्या वर्णनात मी सात वेळा ‘ओसाड’ लिहिलं, लोंगेवालाच्या १९७१च्या रणगाड्यांवर तीन परिच्छेद खर्च केले आणि तिथली माणसं पाणी कुठून पितात यावर एक ओळ नाही. शिवाय वाळूत रुतलेली गाडी चौघांनी बाहेर काढली, तरी मथळा ‘एकटीने थार’.

पहिलं मान्य. उलट माझी चूक तुम्ही म्हणता त्याहून मोठी, कारण मी सोलापूरची. आमच्या जिल्ह्यात वाळवंट म्हटलं की पंढरपूरचं, आषाढीला पाय ठेवायला जागा नसलेलं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, हे लहानपणापासून बघत आलेय. तरी जानेवारीत रामगढच्या अलीकडे खोलगट जागेत हिरवागार पट्टा दिसला, तेव्हा ‘कॅनॉलचं पाणी असणार’ म्हणून पुढे निघून गेले. परतताना थांबले, तर तो खडीन निघाला. उताराचं पावसाचं पाणी मातीच्या लांबलचक बांधाने अडवायचं, मुरू द्यायचं आणि थंडीत त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, तोही कधी पडतो, कधी नाही. इथल्या पालीवाल ब्राह्मणांची ही जुनी पद्धत. ज्यांच्या कुलधराला आपण ‘भुतांचं गाव’ म्हणून सेल्फी काढायला जातो, तेच पालीवाल. सेल्फी मीही काढला. खडीनचा फोटो मात्र लेखातून वगळला, कारण त्या हिरव्याने माझ्या लेखाचा पिवळा रंग बिघडत होता. हे लिहिताना लाज वाटतेय.

ओरणाचा तुमचा मुद्दाही बरोबर. देवाच्या नावाने राखलेली ती चराऊ रानं, आपल्या देवराईच्या नात्यातली. कागदावर त्यातली कितीतरी ‘पडीक’ आणि पडीक म्हटलं की सौरऊर्जेच्या प्रकल्पाला द्यायला सोपी. मग विजेच्या तारा आल्या. माळढोक जड पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही, ऐनवेळी वळता येत नाही. तो तारांवर आदळतो. आमच्या नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, पण आता उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेरकडेच. तेव्हा ‘ओसाड’ निदान मी तरी लिहायला नको होतं. सातही ठिकाणचा काढलाय.

‘एकटी’ मात्र राहील.

लेखात तो प्रसंग दोन ओळींत उरकला होता, आता नीट सांगते. समोरून लष्कराचा ट्रक आला, मी शहाणपणाने गाडी डांबराखाली घेतली. पुढची चाकं बसली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, ती आणखी बसली. शेळ्या चारणारे एक आजोबा आले आणि आधी म्हणाले, “बंद कर.” गुडघ्यावर बसून त्यांनी हातांनी चाकांपुढची वाळू ओढली, बाभळीचा काटा व्हॉल्व्हच्या पिनेवर दाबून टायरमधली निम्मी हवा सोडली आणि खींप नावाच्या झुडपाच्या फांद्या मोडून चाकांखाली सारल्या. तेवढ्यात जीपमधले तिघे थांबले, त्यांनी ढकललं. हवा भरायचा पंप माझ्याकडे होता, एवढीच काय ती माझी तयारी.

आता मला सांगा, गाडीत आम्ही चार मैत्रिणी असतो तर? आम्हीच ढकलली असती, टाळ्या दिल्या असत्या आणि पुढे गेलो असतो. आजोबांनी विचारलं, “साथ में कौन है?” मी म्हटलं, “कोई नहीं.” मग ते काही न बोलता मला बेरीकडे घेऊन गेले. अरुंद तोंडाची विहीर, वर लाकडी झाकण. खाली चुनखडीसारखा थर असतो, तो पावसाचं मुरलेलं पाणी खोलवरच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. पाणी गोड होतं, किंचित मातकट.

बेरीचा फोटो मागितलात. तो नाही. झाकण उघडलं तेव्हा माझे दोन्ही हात पोहऱ्याच्या दोराला होते.