आईची पेटी आणि सतराचा पाढा

आईच्या तेराव्याला एक लांबची मावशी म्हणाली, "गाणं राहून गेलं हो बिचारीचं. शाळा आणि संसार, यातच गेली." चारजणींनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती. पण मांडवाच्या कडेला आईचा एक जुना विद्यार्थी बसला होता. आता चाळिशीचा असेल, ट्रॅक्टर चालवतो. बाई पाढे कसे घ्यायच्या ते शेजारच्याला सांगता सांगता त्यानं म्हणायलाच सुरुवात केली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. भूप रागात. कुणीतरी दटावलं, "अरे, तेरावं आहे, गाणी काय म्हणतोस?" तो गोंधळून म्हणाला, "गाणं न्हवं ओ, पाढा हाय."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

आई सांगली जिल्ह्यात, बहुतेक काळ जत आणि कवठेमहांकाळकडच्या गावांत, जिल्हा परिषदेच्या शाळांवर होती. पहिली ते चौथी. संगीत शिक्षक वगैरे पद तिथं नव्हतंच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक नेमायची सोय आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि शंभराच्या वर पट असेल तर. म्हणजे कान घडायचं वय उलटून गेल्यावर. आईनं कशाची वाट पाहिली नाही. स्वतःची बाजाची पेटी एसटीच्या टपावर टाकून नेली आणि वर्गात ठेवली. ती फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी यायची. पेटी म्हणतेय मी. आई रोज यायची.

भूपच का, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, पाचच सूर, म आणि नी नाहीत, सगळे शुद्ध, पोराला घसरायला जागाच कमी. सतराच्या पाढ्यात मुलं हमखास अडुसष्टला अडखळतात. तिथं तिनं वरचा सा ठेवला होता. उंच उडी मारायची आहे म्हटल्यावर पोरं आधीपासूनच सावध व्हायची. याला मी तरी अध्यापनशास्त्र म्हणते. पुढं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ आठ' अशा जोडशब्दांनी आकडे वाचायची पद्धत आली आणि राज्यभर वाद पेटला, तेव्हा आई निवृत्त होती. पेपर खाली ठेवून म्हणाली, "मुलांना सोपं जाईल एक वेळ. पण माझा वरचा सा दोन ठिकाणी फुटणार."

शिकवणाऱ्यांचे गळे जातात, हे कुणी फारसं बोलत नाही. खडूची भुकटी, पत्र्याची खोली, पावसाळ्यात तर पत्र्यावरचा आवाज आणि चाळीस पोरांचा आवाज यांच्या वर आपला आवाज काढायचा. आईचा एकदा पुरता बसला. डॉक्टरांनी आठ दिवस मौन सांगितलं. रजा नव्हती, की घ्यायची नव्हती, देव जाणे. तिनं आठ दिवस वर्ग पेटीवर चालवला. सा वाजला की उभं राहायचं. सा ग प वाजलं की वह्या काढायच्या. कुणी दंगा केला तर खर्जातला एकच जाड सूर, तो दाबूनच ठेवायचा, पोरगं गप्प होईपर्यंत. तिसऱ्या दिवशी पोरं तिला सुरातच उत्तरं द्यायला लागली. त्या आठवड्यात मला ताप होता, घरी कुणी नव्हतं, म्हणून ती मला बरोबर घेऊन गेली होती. मागच्या भिंतीला टेकून मी हे पाहिलंय. एवढी शांत आणि एवढी बोलकी शाळा मी पुन्हा पाहिली नाही.

तर मावशीचं म्हणणं खोटं का? मला तसं सरळ म्हणता येत नाही. आई गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांत मध्यमा पूर्णपर्यंत, म्हणजे विशारदच्या अलीकडच्या पायरीपर्यंत गेली होती. विशारदचा फॉर्म भरला त्या वर्षी माझा जन्म आणि बदली, दोन्ही आलं. पुढं वय आणि खडू यांनी मिळून तिचा आवाज पेटीच्या काळी चारवरून पांढरी चारवर, म्हणजे खालच्या पट्टीत आणला. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबरही तिथंच आहे. जमेल त्या वर्षी आई जायची, रात्रभर मांडी न मोडता ऐकायची. परतीच्या एसटीत मात्र कुणाशी बोलायची नाही. खिडकीबाहेर बघत बसायची. ते गप्प बसणं तृप्तीचं होतं की दुसरं काही, मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तिला देवघरात बसवायला मात्र मी तयार नाही. बेसूर माणसाशी ती तुटक वागायची. गणपतीत आरती दर कडव्याला चढत जाते ना, तेव्हा तिचा चेहरा बघवत नसे. एकदा शेजाऱ्यांकडे तिनं मध्येच आरती थांबवून सगळ्यांना पुन्हा खालून सुरू करायला लावली. पुढच्या वर्षी आम्हाला प्रसाद घरपोच आला. आणि मला ती म्हणायची, "तुझा कान चांगला आहे." गळ्याबद्दल काही बोलायचं नसलं की गाण्यातली माणसं असं म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात पेटी दुरुस्तीला मिरजेला नेली. भाता फाटला होता. कारागिरानं वरची फळी उघडली, सुरांच्या फटींतून ब्रश फिरवला तर पांढरी भुकटी निघाली. बोटावर घेऊन बघत म्हणाला, "खडू आहे हा. बाई शाळेत होत्या का?" मी मान हलवली.

भाता शिवून झाल्यावर त्यानं विचारलं, "तुम्हाला येतं वाजवायला?"

म्हटलं, "पाढे येतात."

तो हसला नाही. पेटी माझ्याकडे सरकवली. "मग वाजवा की, ताई."

मी भाता हलवला. अडुसष्टपर्यंत नीट गेलं.