आठ रेघा पुसा, फाइल निर्मळ करा

पत्रिकेचं डिझाइन पसंत पडलं, मुहूर्ताची वेळ तीनदा तपासून झाली, आत्याचं नाव राहिलं होतं तेही घातलं. आता प्रेसला पाठवण्याआधी एकच काम उरलंय. चारही कोपऱ्यांत त्या केसाएवढ्या काळ्या रेघा दिसतात ना, कोपऱ्याला दोन, एकूण आठ, त्या आधी पुसून टाका. डिझायनर बिचारा घाईत विसरला असणार. आणि शुभकार्यात काळं कशाला?

प्रेसवाले त्यांना क्रॉप मार्क म्हणतात, आणि कागद नेमका कुठे कापायचा ते त्यावरून कळतं असं सांगतात. तुम्ही मनावर घेऊ नका. कटिंगवाला वीस-वीस वर्षं तेच मशीन चालवतोय. गठ्ठा ठोकून सरळ करायचा, आत सरकवायचा, पायाने दाब द्यायचा आणि दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. (बटणं दोन असतात ती हात सुरीखाली जाऊ नये म्हणून. अनुभवाने शिकलेली गोष्ट आहे, कोणाच्या ते विचारू नका.) एवढ्या सराईत माणसाला रेघेचा आधार देणं म्हणजे त्याचा अपमानच.

पुसायच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. सगळ्यांत सोपी म्हणजे रेघांवर पांढरे चौकोन ठेवणं. चौकोन ऐसपैस घ्या. कार्डाच्या हद्दीबाहेर ३ मिलिमीटर रंग वाढवलेला असतो, ज्याला हे लोक ब्लीड म्हणतात, तोही झाकला गेला तर दुधात साखर. जो भाग कापून कचऱ्यातच जाणार, तिथे रंग भरायचाच कशाला?

पीडीएफमध्ये क्रॉपचं हत्यार असतं, पण त्याच्या नादी लागू नका. चौकट ओढली की रेघा नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्या नुसत्या झाकल्या जातात. प्रेसमधला पोरगा दोन क्लिकमध्ये सगळं परत आणतो, ब्लीडसकट. चूक करूनही काही बिघडत नाही, अशा पद्धतीचा उपयोग काय?

त्यापेक्षा स्क्रीनशॉट काढा. विरार फास्टमध्ये दाराशी उभं राहून एका हाताने जमतं. अंधेरी गेलं की अंगठ्याने कडा आत घ्या आणि बोरिवली यायच्या आत व्हॉट्सअॅपवर पाठवा. डॉक्युमेंट म्हणून नाही हं, फोटो म्हणून, म्हणजे फाइल हलकी होते. अक्षरांच्या कडा थोड्या दातेरी झाल्या तर हातमागाचा भास होतो.

कधीकधी प्रेसवालाच फोन करून सांगतो, ‘‘मार्क काढा, ब्लीड ठेवा.’’ त्यालाही कारण असतं. मोठ्या शीटवर एकाच वेळी बरीच कार्डं मांडताना त्याचं सॉफ्टवेअर स्वतःचे मार्क घालतं, तुमचे मध्ये कडमडतात. या चार शब्दांपैकी पहिले दोन लक्षात ठेवा. उरलेले दोन फोन ठेवेपर्यंत विसरतातच, त्यासाठी वेगळे कष्ट नकोत.

आणि रेघा पुसल्यात म्हणून त्यांचा रंग वाया घालवू नका. तो साधा काळा नसतो. सायन, मजेंटा, पिवळा, काळा, चारही शंभर टक्के असतात, कारण या चार रंगांच्या चार वेगळ्या छपाईच्या प्लेटा एकमेकींवर नीट बसल्यात का ते त्यावरून तपासायचं असतं. रंगांच्या यादीत तो रजिस्ट्रेशन नावाने बसलेला असतो. हाच रंग नवऱ्या मुलाच्या नावाला द्या, ठसठशीत. चारशे टक्के शाई लवकर वाळत नाही, त्यामुळे वर पडलेल्या शीटच्या पाठीलाही नवरदेव उमटतात. एका खर्चात दोनदा नाव.

माझ्या लोअर परळच्या गाळ्यात हे सगळे सल्ले तंतोतंत पाळलेली एक फाइल आली होती. गिरगावातले गृहस्थ, मुलीचं लग्न, कुंकवासारखं लालभडक कार्ड, ३०० जीएसएमचा जाड कागद, पाचशे नग. फाइल आरशासारखी स्वच्छ. रेघा नाहीत, ब्लीड नाही. मी फोनवर दोनदा सांगून पाहिलं. ‘‘पुतण्याने केलंय, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं,’’ असं उत्तर आलं. छापलं. सुरी जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकली असेल, ती कुठल्याही मशीनवर सरकते, आणि डाव्या कडेला दोऱ्याएवढी पांढरी रेघ राहिली.

काका न्यायला आले. पहिलंच कार्ड उजेडात धरलं. मग नखाने खरवडलं. मग बोट ओलं करून पुसलं.

‘‘मालक, हे निघत का नाही?’’

‘‘काका, तो कागद आहे.’’

पुन्हा छापायला ते तयार नव्हते, फुकट छापायला मी तयार नव्हतो. चारही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर आणखी कापायचं ठरलं. पांढरं गेलं. काका खूश झाले. पुतण्याने ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ अगदी वरच्या कडेला चिकटवलं होतं, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. श्रीची वेलांटी गेली आणि अख्ख्या ओळीची शिरोरेघ गेली. पाचशेच्या पाचशे कार्डं आता पाकिटात जरा खुळखुळत होती, पण त्याचं काही नाही.

चार दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज पडलेला होता. कांदिवलीच्या मेव्हण्याला पत्रिका पोचली होती. त्याने अभिनंदन केलं, हॉलवर कसं यायचं ते विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, ‘‘व्याही गुजराती आहेत, हे आधी बोलला नाहीत कधी?’’