इंजिनिअरांचा तुटवडा, ट्रेनीचा पगार आणि मधली दोन वर्षे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘पुण्याच्या कारखान्यांना इंजिनिअर का मिळत नाहीत’ या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर द्यायला आठवडा लावला, त्याबद्दल आधी क्षमस्व. आपण नाव दिलेले नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चाकणच्या एका कारखान्यात दोन वर्षे ‘नीम ट्रेनी’ (‘नीम’ या रोजगारक्षमता योजनेखालचा प्रशिक्षणार्थी) म्हणून काढली आणि मग ते क्षेत्रच सोडले, एवढे सांगितले आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे की, तुटवडा इंजिनिअरांचा नसून स्वस्त इंजिनिअरांचा आहे. महाविद्यालय आणि उद्योग यांची भागीदारी म्हणजे सामंजस्य करारावर सह्या करतानाचा फोटो. आणि माझ्यासारखे प्राध्यापक कारखानदारांचा प्रशिक्षणखर्च विद्यार्थ्यांच्या आणि सरकारच्या खिशातून भागवून देण्याची वकिली करत आहेत. शेवटी आपण विचारले आहे, ‘दोन वर्षांत आम्हाला कोण काय शिकवतं हे पाहायला एकही माणूस शॉप फ्लोअरवर आला नाही. तुम्ही तरी कधी गेलात का?’

या प्रश्नाचे उत्तर मी शेवटासाठी ठेवतो, कारण मला ते सर्वांत अवघड जाणार आहे.

आधी जे मान्य आहे ते. ‘मुलांनी पहिली दोन वर्षे पगाराकडे न पाहता शिकण्याकडे पाहावे’ असे एक वाक्य माझ्या लेखात होते. ते मी मागे घेतो. साताऱ्याहून किंवा बीडहून आलेला मुलगा मोशीत चौघांत एक खोली घेऊन राहतो, मेसचे पैसे भरतो आणि घरी काही पाठवता येत नाही म्हणून फोन टाळतो. त्याला पगाराकडे पाहू नकोस असे सांगणे हे कायम नोकरीत असलेल्या माणसाला सुचणारे शहाणपण आहे. शिवाय ते वाक्य तर्कालाही धरून नव्हते, कारण शिकण्याची हमी कोणी दिली आहे का, हे मी तपासलेच नव्हते.

‘नीम’बद्दलचा आपला राग समजण्यासारखा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये ही योजना आणली तेव्हा कागदावरचा हेतू रोजगारक्षमता वाढवण्याचा होता. प्रत्यक्षात चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात काय झाले ते आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. मध्ये एक एजन्सी आली, कारखान्याला कामगार न ठेवता लाइन चालवण्याची सोय झाली, आणि ट्रेनी हा शब्द शिकणाऱ्याऐवजी कधीही काढता येणाऱ्या माणसाला लागू झाला. परिषदेने पुढे ही योजना गुंडाळली. ‘भागीदारी’ या शब्दाचा आपल्याला येणारा वास तिथून आला आहे आणि त्याकडे मी लेखात दुर्लक्ष केले, हा दोष माझा आहे.

तरीही तुटवडा बनावट आहे, हे मला पटत नाही. मी पदवीनंतर काही वर्षे भोसरीतल्या एका टूल रूममध्ये (साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या कारखान्यात) काढली आणि नंतर शिकवण्याकडे वळलो. त्या ओळखी आजही आहेत. तिथल्या मालकांची तक्रार ‘अर्ज येत नाहीत’ अशी नसते. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचून हा जॉब कोणत्या फिक्श्चरवर (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनावर), कोणत्या क्रमाने घ्यायचा, सीएमएम या मोजमाप यंत्राचा रिपोर्ट पाहून चूक सेटअपमध्ये आहे की टूलच्या झिजण्यात, आणि ग्राहकाकडून रिजेक्शन आल्यावर त्याला नेमके काय लिहून द्यायचे, हे ज्याला विचारता येईल असा तीन-चार वर्षे मुरलेला माणूस मिळत नाही, अशी ती तक्रार असते. पदवीधर भरपूर आहेत. कमी आहे ती पदवी आणि असा माणूस यांच्यामधली दोन वर्षे. या दोन वर्षांचा खर्च कोणी उचलायचा, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि माझ्या लेखात तो इतक्या उघडपणे यायला हवा होता.

आपण म्हणता, पगार वाढवा, माणसे आपोआप मिळतील. एका कारखान्यापुरते हे खरे आहे. त्याने पगार वाढवला की शेजारच्या गाळ्यातला माणूस त्याच्याकडे येतो; पण पुणे परिसरात अशा माणसांची एकूण संख्या एकानेही वाढत नाही. दीर्घ मुदतीत मात्र पगाराचा परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. आज प्रवेशफेरीत संगणक आणि त्याच्या आसपासच्या शाखा आधी भरतात आणि मेकॅनिकल, प्रॉडक्शनकडे मुले नाइलाजाने येतात, याला पालकांचे अज्ञान म्हणून चालणार नाही. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतला सुरुवातीचा पगारही काही फार मोठा नसतो. फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसू लागतो, आणि तो मुलांना शेजारच्या दादांकडे पाहून नेमका कळतो. त्यात तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून एका शाखेच्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा काढून टाकली, त्यामुळे नावाजलेल्या महाविद्यालयांना संगणकाच्या जागा वाढवण्याची मुभा मिळाली. मेकॅनिकलची प्रयोगशाळा महाग, विद्यार्थी कमी. संस्थाचालक काय निवडणार हे सांगायला नको.

आता मधल्या दोन वर्षांकडे येतो. त्यांचा खर्च पूर्वी कोणीतरी उचलत असे. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) पिंपरीत कारखाना उभा केला तेव्हा कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी प्रशिक्षण विभाग आणि टूल रूम यांना सुरुवातीपासून मानाचे स्थान दिले. तिथे घडलेले अनेक जण पुढे भोसरी-चिंचवडमध्ये स्वतःचे गाळे टाकून बसले, म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या खर्चाने साऱ्या परिसराला माणसे मिळाली. पुणे विद्यापीठात ‘सँडविच’ नावाचा प्रकार होता (नाव ऐकून नातेवाईक हसत, हे त्या शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सोसले आहे). मी त्याच प्रॉडक्शन सँडविचचा. अभ्यासक्रमाच्या मध्येच सहा महिने कारखान्यात काढायचे, नोंदवही भरायची, परत येऊन परीक्षा द्यायची. त्या सहा महिन्यांतले पहिले दीड महिने मी फक्त गेज (मापे तपासण्याची साधने) साफ केले आणि चहा आणला, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पुढचे साडेचार महिने मात्र एका वयस्क सुपरवायझरांनी मला आपल्यामागे फिरवले. त्यांनी तसे करावे असे कुठेही लिहिलेले नव्हते; त्यांना ते आवडत होते एवढेच. माझ्यासोबत गेलेल्या मित्राला असा माणूस भेटला नाही आणि तो सहा महिने गेजच साफ करत राहिला. एकच अभ्यासक्रम, एकच विद्यापीठ, एकच औद्योगिक वसाहत. शिकणे नशिबावर सोडले होते. सँडविच हळूहळू मागे पडले त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

म्हणून भागीदारी खरी की फोटोपुरती हे ओळखायचे असेल तर मी करारपत्र वाचत नाही. ट्रेनीला शिकवणाऱ्या सुपरवायझरचे तास कंपनीच्या हिशेबात कुठे धरले आहेत, एवढेच विचारतो. त्याच्यावर उत्पादनाचे पूर्ण टार्गेट असेल आणि शिकवणे वरकड असेल, तर महिनाअखेर जवळ आली की ट्रेनी लाइनवर जाणार. यात कोणाचा दुष्टपणा असावा लागत नाही. आपल्या बाबतीत नेमके हेच घडले असावे असे आपल्या वर्णनावरून दिसते.

पुण्यात याची बरी उदाहरणे आहेत आणि आपण ती ‘जाहिरात’ म्हणून झटकू नयेत, अशी विनंती आहे. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले ते कमिन्सच्या पाठबळावर. शासकीय तंत्रनिकेतनात मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने मोटार-मेकॅट्रॉनिक्सचा (यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड) पदविकोत्तर अभ्यासक्रम चालतो. चाकणला फोक्सवॅगनने जर्मन पद्धतीचे मेकॅट्रॉनिक्स प्रशिक्षण स्वतःच्या आवारात सुरू केले. या सगळ्यांत कंपनीने सहीपलीकडे काहीतरी घातले आहे : पैसा, यंत्रे किंवा माणसे. पण ही सगळी मोठी नावे आहेत, हेही लक्षात घ्यावे लागते. मोठी कंपनी शिकवते, कारण शिकवलेला माणूस टिकवण्याइतका पगार ती देऊ शकते.

भोसरीतल्या पंचवीस माणसांच्या गाळ्याचे तसे नाही, आणि आपल्या टीकेत ज्या एका गोष्टीचा उल्लेखही आला नाही ती ही आहे. त्या मालकाने एखाद्या मुलाला दोन वर्षे घडवले की तिसऱ्या वर्षी तो चाकणच्या कंपनीत जातो. मुलाचे काही चुकत नाही. चार हजार जास्त मिळत असतील तर त्याने जावेच. मालक मात्र त्यातून एक धडा घेतो : शिकवायचे नाही, शिकलेला उचलायचा. प्रत्येकाने हा धडा घेतला की उचलायला कोणी उरत नाही, आणि मग सगळे मिळून तुटवड्याची ओरड करतात. या गाठीला पगारवाढ हे उत्तर पुरत नाही, कारण ज्याने शिकवले आणि ज्याला फायदा झाला ते दोघे वेगळे आहेत. शिकवण्याचा खर्च अनेकांत वाटला गेला तरच ही गाठ सुटेल. जर्मनीत लहान कारखान्यांसाठी उद्योग-चेंबर आणि व्यवसायसंघ सामायिक प्रशिक्षण केंद्रे चालवतात, आणि परीक्षाही कारखाना घेत नाही, चेंबर घेते. त्यामुळे मुलाच्या हातातला कागद एका मालकाच्या मर्जीवर राहत नाही. आपल्याकडे १९३४ पासूनचे मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना आहे, चिंचवडला ऑटो क्लस्टरमध्ये लहान उद्योगांसाठी सामायिक यंत्रसामग्री आहे. जागा आणि यंत्रे आहेत. सामायिक ट्रेनी ही कल्पना तेवढी नाही. एका मुलाने सहा महिने प्रेस टूलच्या गाळ्यात, सहा महिने मशीनिंगमध्ये, सहा महिने तपासणी विभागात काढावेत आणि त्याचे विद्यावेतन त्या तिघांनी मिळून द्यावे, असे काही सुरू करता आले तर तो मुलगा चाकणला गेला तरी कोणा एकाचे दिवाळे निघणार नाही.

सरकारच्या पैशाबद्दल आपला आक्षेप अर्धा बरोबर आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याहून लहानांवर सक्ती नाही. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी किमान ९,००० आणि डिप्लोमाधारकासाठी ८,००० रुपये विद्यावेतन ठरले, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत त्या किमान रकमेचा निम्मा भाग केंद्र सरकार भरते. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला सुरुवातीच्या नियमानुसार सहा महिने दरमहा १०,००० रुपये सरकारकडूनच मिळायचे होते. आपल्याला यात कारखानदाराला दिलेली भेट दिसते. मला आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. हा सगळा पैसा ट्रेनीच्या हजेरीवर दिला जातो, शिकवण्यावर दिला जात नाही. यातला काही भाग वर म्हटलेल्या सुपरवायझरच्या तासांसाठी आणि स्वतंत्र परीक्षेसाठी राखला, आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या प्रमाणाशी जोडला, तर त्याच पैशातून शिकणे विकत घेता येईल. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार ठरत नाही, त्यामुळे त्याला दाद मागायला जागा फार कमी आहे. निदान त्याच्या शिकण्याचा हिशेब तरी कारखान्याबाहेरच्या कोणाकडे असावा, एवढी अपेक्षा मी धरतो.

शिक्षण उद्योगांच्या दावणीला बांधू नये, हा आपला मुद्दा मला मोलाचा वाटतो, पण इतिहास थोडा वेगळा आहे. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले (आजचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ) ते सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. म्हणजे सुरुवातच मुळी एका नोकरी देणाऱ्याच्या गरजेतून झाली. तिथून पुढे गणित आले, पदार्थविज्ञान आले, ते शिक्षण गरजेपेक्षा मोठे झाले. उलट १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली, त्यानंतर जागा झपाट्याने वाढल्या, पण त्या वाढीत कारखाना कुठेच नव्हता. मागणी पालकांची, पुरवठा संस्थाचालकांचा. आज आपण ज्याला पदवीधरांची गर्दी म्हणतो ती तिथून सुरू होते. उद्योगाशी जवळीक वाढल्याने शिक्षण बिघडले, असे निदान पुण्यात तरी मला दिसत नाही. ज्या शिक्षकाने स्वतः कधी कारखाना पाहिला नाही त्याच्याकडून जिग्ज अँड फिक्श्चर्स शिकण्याने ते बिघडलेले मात्र रोज दिसते.

आणि आता आपला शेवटचा प्रश्न. माझ्याकडे महाविद्यालयाच्या वतीने इन-प्लांट ट्रेनिंगचे समन्वयन तीन वर्षे होते. नियमाप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रात दोनदा कारखान्यात जाऊन भेटायचे होते. माझे आठवड्याचे तास कमी झाले नव्हते, प्रवासखर्च मिळायला महिने लागत, रांजणगावला जाऊन यायला पूर्ण दिवस मोडत असे. पहिल्या वर्षी मी बहुतेकांकडे गेलो. दुसऱ्या वर्षी ज्यांचे कारखाने भोसरी आणि पिंपरीत होते त्यांच्याकडे गेलो, बाकीच्यांना फोन केला. तिसऱ्या वर्षी मी फोनवर विचारपूस केली आणि भेटीच्या रकान्यात सही केली. त्या वर्षीच्या एका मुलीने परत आल्यावर सांगितले की, सहा महिने तिने फक्त एक्सेलमध्ये रिजेक्शनचे आकडे भरले. ते पार्ट तिने एकदाही हातात घेतले नव्हते. तिच्या नोंदवहीत प्रत्येक पानावर तिथल्या मॅनेजरची आणि माझी सही होती.