बाळाचे कान टोचण्याआधी कुणाकुणाला विचारावे

बाळाचे कान टोचायचे की नाही असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तो पडल्याचं अजून घरात कुणाला कळलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. कळलं की सुटेल. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी यायच्या आत आत्याने बाळ्या घेऊन ठेवलेल्या असतात आणि आजीने सोनाराला फोन केलेला असतो. मुलगा झाला असेल आणि बाबांनी 'मुलाचे कशाला?' असं विचारलं, तर त्यांना आरशात स्वतःच्या कानाची पाळी बघून यायला सांगतात. तिथे बुजलेल्या भोकाची खूण बहुधा सापडतेच. तुमच्याकडे निर्णय उरतो तो फोटो कोण काढणार, एवढाच.

तारीख ठरवताना लसीकरणाचं कार्ड बाहेर काढू नका. त्यात 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लिहिलेली असते, धनुर्वाताची लस त्यातच येते, आणि मग कुणीतरी शहाणं म्हणतं की निदान हे डोस तरी होऊ द्या. बारसं बाराव्या दिवशी, पाहुणे जेवायला आलेलेच आहेत. सोनाराला काय साडेतीन महिने पाटावर बसवून ठेवायचं? 3 महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की डॉक्टर वाट बघत नाहीत, थेट तपासण्यांना घेतात. तेव्हा ताप कानाचा की दुसऱ्या कशाचा, हे त्यांनाच शोधू दे. थोडं थांबायची तयारी असलीच, तर लसीच्याच दिवशी टोचा. रडणं एकदाच होतं आणि तापाचं कोडं कायम राहतं.

कुणी वाद घातलाच तर सुश्रुताचं नाव घ्या. नावच घ्या, ग्रंथ उघडू नका. कारण सुश्रुतसंहितेतल्या सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात तो सहावा-सातवा महिना म्हणतो. बाळाला मांडीवर घ्या, खेळणं दाखवून रमवा, पाळीतून ऊन आरपार दिसतं ती जागा शोधा, मुलाचा उजवा आणि मुलीचा डावा कान आधी, सुई सरळ आणि सावकाश, अशा बारीकसारीक गोष्टी सांगत बसतो. रक्त फार आलं, कळ फार आली तर जागा चुकली, असंही स्पष्ट लिहून ठेवतो. त्याच अध्यायात फाटलेली पाळी जोडण्याच्या 15 तऱ्हा आहेत. पंधरा! म्हणजे त्या काळीही कान टोचणारे आपल्यासारखेच होते.

आता टोचणारा. 'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण मोठ्याने म्हणून टाका. एकदा ती म्हटली की सोनाराला हात धुवायला सांगायची सोय राहत नाही. त्याची पद्धत वाईट नाही, हीच खरी अडचण. तो टोक घासून धारदार केलेली सोन्याची नवी तार थेट पाळीतून काढतो आणि वळवून तिचीच बाळी करतो, म्हणजे कालच्या बाळाला लावलेली सुई आज तुमच्या बाळाला लागत नाही. पण तार धरणारी बोटं आणि चिमटा कालचेच असतात. स्पिरिटचा बोळा, हातमोजे, चिमटा 20 मिनिटं उकळून घेणं असले विषय काढू नका. माणूस तीन पिढ्यांचा आहे, वाईट वाटेल.

खुणेच्या ठिपक्यांवर वेळ घालवू नका. बाळाला उभं धरून, समोरून बघून, दोन्ही ठिपके एका रेषेत आलेत का हे तपासायला दोन मिनिटं लागतात. त्यापेक्षा आडवं झोपवून, मान एका कुशीला असताना अंदाजाने टोचलेलं बरं. पहिला कान शांतपणे होतो. दुसऱ्याच्या वेळी बाळाला सगळं समजलेलं असतं, तेव्हा चौघांनी मिळून डोकं धरा आणि पाचव्याने 'झालं झालं' म्हणा. टोचा जरा खाली गेला तर पाळीची कड जवळ येते, मग पुढे जड झुमके घातले की भोक ओघळत ओघळत कडेपर्यंत जाईल. त्याला अजून वीस वर्षं आहेत.

सोनार नको, आधुनिक काहीतरी हवं असेल तर कान टोचायची गन आहे. जुन्या धाटणीच्या गनमध्ये स्प्रिंगच्या जोराने बोथट खुंटी पाळीतून घुसते. धारदार सुईसारखं कापत नाही, चेंदत जाते. प्लॅस्टिकचा भाग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही, म्हणून बाहेरून पुसतात. खुंटीची मागची पकड घट्ट बसते, पाळी सुजली की खुंटीचं डोकं आत रुततं आणि मग डॉक्टर छेद देऊन काढतात. न्यू जर्सीत मॉलमध्ये ही सोय करून घेणाऱ्या आजी-आजोबांना तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना काय म्हणते ते सांगू नका. मूल स्वतः निगा राखण्याएवढं होईस्तोवर थांबा, म्हणते! म्हणजे मुलीलाच विचारायची पाळी येईल.

भिकबाळी मात्र अवश्य टोचा. ती बसते कानाच्या वरच्या भागात, जिथे कूर्चा, म्हणजे लवचीक हाड, आहे आणि रक्तपुरवठा बेताचा. खालची पाळी सहा आठवड्यांत बरी होते, वरच्याला कित्येक महिने लागतात, आणि तिथे पू झाला तर कूर्चा विरघळून कान कायमचा चुरगळतो. पण पेशवाई थाट काय फुकट येतो का?

सोनं बघताना फक्त वजन बघा. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि बाळाची बाळी असते अर्धा-पाऊण ग्रॅमची. तेव्हा बावीस कॅरेट म्हणजे सोनाराचा शब्द. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं आणि स्वस्तातल्या खोट्या दागिन्यांत तर बहुतेकदा असतंच. पाळी लाल होऊन खाजू लागली, पाणी सुटलं की 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मोहरी उतरवा. दागिना तोच राहू द्या. फिरकीचं कानातलं असेल तर फिरकी पार घट्ट पिळा, सुजेला जागा अजिबात ठेवू नका. ती सैल होऊन पडलीच, तर बाळ ती तोंडात घालेल आणि एक्स-रेत तरी सापडेल.

राहिली निगा. एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा स्वच्छ कापसाने पुसायचं, सुकलेली खपली ओढायची नाही, सहा आठवडे बाळी काढायची नाही, एवढ्यावर भागतं. म्हणूनच ते कुणी करत नाही. त्याऐवजी हळद आणि खोबरेल लावा. वाळून तिचा खडा होतो, मग तो फिरवून भोक 'मोकळं' करा. कच्चा लसूण ठेचून लावला तर कोवळी कातडी भाजते, पण उपाय केल्याचं समाधान मिळतं. मालिशवाल्या बाईंना काही सांगू नका. त्या नेहमीप्रमाणे डाळीचं पीठ लावून कानामागून रगडतील आणि राहिलेलं पीठ टोच्यात बसेल. वर लोकरी टोपडं घाला, म्हणजे तारेचं टोक धाग्यात अडकून काढताना ओढलं जाईल.

आणि पंधरा वर्षांनी मुलगी आरशासमोर उभी राहून, एक कानातलं वर आणि एक खाली का दिसतं, असं विचारील. तेव्हा आजी, आत्या, सोनार यांपैकी कुणाचंही नाव घेऊ नका. सांगा, 'टोचताना तूच हललीस.'