३२ काउंट्या खऱ्या, पण ३२ राज्यं कुठली?

आयर्लंडचा एक रंगीत नकाशा सतत फिरत असतो. ३२ काउंट्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग), ३२ रंग, आणि खाली मजकूर: ‘या ३२ काउंट्या म्हणजे आयर्लंडची ३२ प्राचीन गेलिक राज्यं. सगळे राजे तारा टेकडीवरच्या महाराजाचे मांडलिक. इंग्रजांनी नावं बिघडवली, सीमा मात्र त्याच राहिल्या. म्हणूनच आयरिश माणूस आजही काउंटीसाठी जीव टाकतो.’ वाचायला झकास. पण नावं बिघडवल्याचा भाग सोडला, तर यातलं फारसं काही टिकत नाही.

आधी ३२ हा आकडा. सातव्या-आठव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये राज्याचं मूळ माप होतं ‘तुआथ’. एक तुआथ म्हणजे एक राजा आणि त्याची माणसं, आणि अशा तुआथांची संख्या दीडशेच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. बेट एवढंसं आणि राजे दीडशे! आपल्याकडच्या तालुक्याएवढी जागा असली तरी तो राजाच. त्याच्यावर दोन-चार तुआथांचा वरचा राजा, त्याच्यावर प्रांताचा. प्रांताला आयरिशमध्ये आजही ‘कूगा’ म्हणतात, म्हणजे पाचवा हिस्सा. प्रांत आता चारच उरलेत, तरी प्रत्येक जण स्वतःला पाचवा हिस्सा म्हणवतो. या सगळ्या उतरंडीत ३२ कुठेच बसत नाही.

काउंटी आली ती नॉर्मन आणि इंग्रज अंमलाबरोबर. राजाच्या वतीने वसुली करायला आणि न्यायालयाचे हुकूम बजावायला शेरिफ हवा, आणि शेरिफला हद्द हवी. (मुंबईत ज्याला नगरपाल म्हणतात तेच हे पद. फक्त तिथे ते शोभेचं नव्हतं.) डब्लिनची काउंटी अगदी सुरुवातीची, विकलोची सगळ्यात शेवटची, १६०६ मधली. दोघी शेजारी-शेजारी! विकलोच्या डोंगरात ओ’बर्न आणि ओ’टूल ही घराणी ठाण मांडून होती, म्हणून डब्लिनच्या किल्ल्यातून दिसणाऱ्या डोंगरात शेरिफ बसवायला चारेकशे वर्षं गेली. लंडनडेरी काउंटी तर १६१३ ची, फक्त ती कोरी नवी नव्हती. लंडनच्या व्यापारी संघांना वसाहतीसाठी जमीन द्यायची म्हणून जुन्या कोलरेन काउंटीला आजूबाजूचे तुकडे जोडून ती शिवली. तिथल्या ड्रेपर्सटाउन गावाचं नावच लंडनच्या कापडवाल्यांच्या संघावरून पडलंय.

‘सीमा त्याच राहिल्या’ हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, कारण नावं खरोखर जुनी आहेत. पण नाव जुनं म्हणून सातबारा जुना ठरत नाही. ऑफलीचंच घ्या. नाव आलं ‘ई फाल्ग्ये’ या राजघराण्यावरून. या घराण्याचं जुनं ठाणं होतं रथांगनला. तिथल्या गढीवर जुन्या आयरिशमध्ये एक छोटीशी कविता आहे, ती गढी आधी कोणाची, मग कोणाची, अशी एकेका राजाचं नाव घेत जाणारी. हे रथांगन आज कुठे आहे? ऑफलीत नाही, शेजारच्या किल्डेअर काउंटीत! किल्डेअरच्या जुन्या पोटविभागांत पूर्व ऑफली आणि पश्चिम ऑफली अशी दोन नावंही आहेत. मग ऑफली काउंटी आली कुठून? १५५६ च्या कायद्यातून. इंग्लंडच्या राणी मेरीच्या काळात ती झाली ‘किंग्ज काउंटी’, आणि यातला किंग म्हणजे मेरीचा नवरा, स्पेनचा फिलिप. शेजारची लीश झाली ‘क्वीन्स काउंटी’. ऑफली हे नाव परत आलं ते विसाव्या शतकात. मधल्या काळात काउंटीच्या पश्चिमेला बर गावाचा मुलूख जोडला गेला होता, जो मुळात ‘एली’चा, म्हणजे मन्स्टर प्रांताकडच्या ओ’कॅरल घराण्याचा. चर्चने मात्र ही बदली मानली नाही. बर आजही किल्लालूच्या बिशपकडे आहे, आणि किल्लालू मन्स्टरमध्ये. जुनी राज्यं शोधायचीच असतील तर काउंट्यांपेक्षा बिशपांच्या हद्दी बघाव्यात. त्या ११११ आणि ११५२ च्या धर्मसभांमध्ये त्या वेळच्या राज्यांकडे बघून आखल्या गेल्या.

उलट उदाहरण ब्रेफ्नीचं. एक राज्य होतं, ओ’रुर्क आणि ओ’रायली यांच्यात त्याची वाटणी झाली. आज एक वाटा लीट्रिम म्हणून कॉनॉट प्रांतात, दुसरा कॅव्हन म्हणून अल्स्टरमध्ये. केरी तर ज्या ‘किअरी’ लोकांवरून म्हणतात, ते फक्त उत्तरेकडचे.

हे मान्य, की फरमॅना बरीचशी मॅग्वायर घराण्याच्या मुलखावर बसते, कॅव्हन ओ’रायलींच्या. सगळ्या रेघा लंडनमध्ये पट्टी घेऊन मारल्या, हेही खरं नाही. पण ज्या मुलखांवर त्या मारल्या ते सोळाव्या शतकातले होते, प्राचीन काळातले नव्हेत.

ताराच्या महाराजाबद्दल थोडक्यात. पदवी खरी, दरारा खरा, पण सगळ्या बेटावर चालणारी वसुली किंवा दरबार नव्हता. १००२ मध्ये ब्रायन बोरूने ते पद नील घराण्याकडून हिसकावलं, १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत तो मारला गेला. पुढच्या महाराजांना जुने लेखक ‘विरोधासह राजा’ म्हणतात, त्यात सगळं आलं. गादी थोरल्या मुलालाच मिळेल असंही नव्हतं. एकाच पणज्याचे सगळे वंशज हक्कदार, म्हणजे भाऊबंदकीची कायमची सोय. आधीच निवडून ठेवलेल्या वारसाला तानिश्ता म्हणत. आज आयर्लंडच्या उपपंतप्रधानाचं पदनाम तेच आहे.

राहता राहिलं काउंटीप्रेम. ते अस्सल आहे, पण त्याला राजे लागत नाहीत. १८८४ मध्ये थर्लेस गावात गेलिक खेळांची संघटना निघाली आणि तिने स्पर्धा काउंटीवार लावल्या. शेरिफची हद्द लोकांनी जर्सी घालून आपलीशी केली. हर्लिंग या काठी-चेंडूच्या गेलिक खेळाच्या पहिल्या स्पर्धेत तर काउंटीचा निवडक संघही नव्हता. टिपररीच्या नावाने थर्लेसचा क्लब उतरला, गॉलवेच्या नावाने मीलिकचा. अंतिम सामना १ एप्रिल १८८८ ला झाला, टिपररी जिंकली. मैदान होतं बर गावात, म्हणजे तेव्हाच्या किंग्ज काउंटीत.