आबांच्या हातातली सुई

तीन आठवड्यांपूर्वी, जानेवारीच्या ऐन थंडीत, सकाळी पावणेसातला, आमच्या धुळ्याच्या कॉलनीतल्या आबांनी माझ्या नारळाची सुई उपटली. सुई म्हणजे शेंड्याच्या मधोमध उभी असते ती न उघडलेली नवी झावळी. कंपाउंडबाहेरून हात घालून त्यांनी ती धरली, जरा ओढली, आणि म्यानातून तलवार निघावी तशी ती सळकन् बाहेर आली. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की सकाळचा चहा आत जाईना.

"देख, हातमा ई गयं. मरेल शे रे भाऊ हाई."

"आबा, तुम्ही ओढली!"

"मी तं नुसता हात लावा."

माणूस एवढं बोलून निघून जातो. आबा गेले नाहीत. माकडटोपी कानाच्या वर सरकवून त्यांनी ती सुई नाकाला लावली, हुंगली, मान हलवली, दूधवाल्याला थांबवून त्यालाही हुंगायला दिली. दूधवाला म्हणाला, मेलंय. मग शाळेच्या रिक्षाची वाट बघणाऱ्या दोन पोरांनी हुंगली. पंचनामा पूर्ण झाल्यावर आबांनी मला विचारलं, "पन याले ताप बीप व्हता का? गोधडी कसाले बांधेल व्हती?"

गोधडीचं सांगायलाच हवं. हे झाड सासुरवाडीचं. लग्नानंतर सासऱ्यांनी मला नारळ दिला, शब्दशः. गुहागरहून एसटीने आलेलं बाणवलीचं रोप. आता नारळाला लागते सरासरी 27 अंशांची उबदार, दमट हवा, आणि आमच्याकडे जानेवारीत दुपारी 28 आणि पहाटे 7. पारा पाच-सहावर येणं ही इथे बातमी असते, पण नवल नसतं. म्हणजे हे रोप मेलं तर थंडीने मेलं असं सासुरवाडीत कोणी मानणार नाही, जावयाने मारलं असंच होणार.

आबांना समजावायचा प्रयत्न केला, ती चूकच. म्हटलं, आबा, आंब्याला दहा फांद्या असतात, एक मेली तर नऊ राहतात. नारळाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो गेला की झाड गेलं, मग खालची पानं तीन महिने हिरवीगार राहून आपल्याला फसवत राहतात. थंडीने पानं करपली तर करपू द्या. राखायचा तो शेंडा. म्हणून गोधडी.

आबा म्हणाले, "शिंदी लाई देती ना रे. फुकटमा."

यावर उत्तर नाही. पांझरेच्या काठापासून कुठल्याही नाल्यात शिंदी, म्हणजे रानटी खजूर, उभी असते, तिला कोणी गोधडी घालत नाही, थोडं दहिवर गोठलं तरी तिचं काही बिघडत नाही. बर्फाला न जुमानणारे तर तिचे वेगळेच भाऊबंद आहेत. कुमाऊंत पिथोरागडच्या डोंगरावर ट्रॅकिकार्पस टाकिल नावाचा पाम हिवाळ्यात बर्फ अंगावर घेऊन उभा असतो. चीनकडचा त्याचा भाऊ, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी, उणे 15 च्या आसपासही तग धरतो. अमेरिकेतला काटेरी नीडल पाम उणे 20 सोसतो. इटलीत पादुआच्या बागेत 1585 साली लावलेला एक पाम अजून जिवंत आहे, काचघरात. त्याला काचघर, आणि माझ्या गोधडीला ताप बीप!

खरी बोच पुढे आहे. आबांनी ओढली नसती तरी सुई कुजलेलीच होती. निरोगी सुई जोर लावला तरी सुटत नाही. शंका आली की हलकेच ओढून बघायची, ही तर पामवाल्यांची नेहमीची तपासणी, आणि आबांनी ती फुकट करून दिली. चूक माझी होती. गोधडीवर दव पडून ती भिजते म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी चढवली. प्लास्टिक थंडी अडवत नाही. पानाला टेकलं की तिथेच पान करपतं, दिवसा आत भट्टी पेटते, रात्री त्याच वाफेचं पाणी होऊन थेट कोंबात टपकतं. पांघरूण घालायचं ते गोणपाटाचं किंवा सुती, तेही तीन-चार काठ्या रोवून त्यांच्यावर, आणि सकाळी नऊच्या आत काढायचं. मी एका लग्नाला शहाद्याला गेलो आणि पिशवी दोन दिवस तशीच राहिली. थंडीने कोंब आधीच दुखावलेला, त्यात पाणी, त्यात बुरशी: कोंबकुज.

ऊब म्हणून आत दिवाळीची माळही सोडली होती. जुन्या माळेतले तारेचे बल्ब तापायचे; आताची एलईडी नुसती लुकलुकते. रात्रभर आमच्या दारात गोधडी पांघरून कोणीतरी लुकलुकत बसलेलं दिसायचं, आणि आबांनी कॉलनीभर सांगितलं की आमच्याकडे बाबा बसलेत. 40 वॉटचा साधा बल्ब मागायला गेलो तर दुकानदाराने माझ्याकडे कंदील मागितल्यासारखं पाहिलं.

रावेर-यावलकडे केळीवाले हेच सगळं करतात. थंडीच्या रात्री विहिरीचं कोमट पाणी सोडतात, पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, घडांना पिशव्या घालतात, कडेने शेवरीचं कुंपण उभं करतात. त्यांना कोणी हसत नाही. त्यांच्या केळीला थंडीचा विमासुद्धा मिळतो! माझ्या नारळाला नुसते आबा मिळाले. पाणी मीही द्यायचो, पण बुंध्याशी, शेंड्यावर थेंबही नाही. युरिया ऑक्टोबरपासून बंद, कारण थंडीच्या तोंडावर फुटलेला कोवळा कोंब आधी मरतो. पोटॅश त्याआधीच दिलेलं. म्हणजे एवढं सगळं पाठ असलेला माणूस एका पिशवीने गेला.

पुढची शस्त्रक्रिया आबांच्या देखरेखीखाली झाली. धारदार सुरी उकळून घेतली आणि कुजलेला भाग पांढराशुभ्र गर लागेपर्यंत कापला. मग बुरशीवरचं बोर्डो मलम: 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, आणि मग एकत्र. लोखंडाची चकचकीत सुरी त्यात बुडवायची. तांबूस झाली तर चुना कमी पडला, अजून घालायचा. आबांनी लगेच खिशातली तंबाखूची डबी पुढे केली. "चुना शे ना मन्हाकडे." नको म्हटलं तर रुसले.

वरून दव-पाणी जाऊ नये म्हणून शेंड्यावर मडकं पालथं घातलं. झाड आता रस्त्यावरून कसं दिसतं ते लिहीत नाही. मडकं पाहून आबांनी टोपी काढली, एवढंच सांगतो.

कोंब जिवंत आहे का, हे कळायला एकच उपाय: कापलेल्या सुईच्या खुंटावर आणि शेजारच्या जुन्या देठावर पेनाने एका रेषेत खूण करायची. खुंट जिवंत असला तर त्याची खूण वर सरकते. थंडीत दिवसाला केसभरही नाही, उन्हाळा लागला की दिसण्याइतकी. पहिली दोन-तीन पानं तुटकी, वेडीवाकडी येतात, तेवढं चालतं. मात्र तोवर मडकं उचलायचं नाही.

आबा रोज उचलतात. "उठना का तुना नारय?" असं मडक्यालाच विचारतात. परवा पाहिलं तर माझ्या बारीक निळ्या खुणेच्या खाली एक पांढरा पट्टा. तंबाखूचा चुना, अंगठ्याने ओढलेला, चांगला बोटभर जाडीचा. माझी खूण जागची हललेली नाही. आबांची हलली की नाही ते कोणालाच सांगता येणार नाही. खुंट वर आला तरी पट्ट्यातच, खाली बसला तरी पट्ट्यातच. दूधवाल्याने मात्र आज विचारलं, आबा म्हणतात झाड दोन सूत चढलं, खरं का?