राणीछाप रुपया घासावा कसा, विकावा कसा

आजीच्या ट्रंकेत किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात तुम्हाला इंग्रज अमदानीतला, व्हिक्टोरिया राणीची किंवा पुढच्या राजांची छबी असलेला एक काळपट, झिजका चांदीचा रुपया सापडला आहे. अभिनंदन! आता सगळ्यात आधी त्याची किंमत ठरवून टाका. साल, वजन, धातू ही नंतरची कामं. आकडा आजच ठरला पाहिजे आणि तो लाखातच पाहिजे, कारण मोबाइलवरच्या व्हिडिओत तसं सांगितलंय.

मग घासायला घ्या. चिंच आहे, मीठ आहे, भांड्यांची पावडर आहे, कोल्हापुरी मनगट तर आहेच. चांदीवरचा काळा थर हा हवेतल्या गंधकाने चढलेला असतो. तो शंभर वर्षं हळूहळू आणि सारखा बसलेला असला, तर या नाण्याला कुणी हात लावलेला नाही हे जाणकाराला त्यावरूनच कळतं. एवढा पुरावा हाताशी असताना तो पुसायचा नाही तर काय करायचं? पावडरीतली कच चांदीवर केसासारख्या रेघा ओढते. बल्बखाली नाणं तिरकं धरून फिरवलं, की टाकसाळीची मूळ झळाळी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. घासलेल्या नाण्याची चमक मात्र जागची हलत नाही. घेणारा एवढंच पाहतो आणि नाणं परत तुमच्या हातात ठेवतो. तेव्हा मुकुटाची नक्षी, वस्त्रावरचं नाजूक काम असे उंचवटे आधी गुळगुळीत करा. ते झिजेने जायचेच होते, तुम्ही फक्त घाई केलीत. स्वच्छ कोमट पाण्यात बुडवून, न चोळता सुती कापडावर निथळत ठेवायचं, असले भित्रे उपाय आपल्याकडे चालत नाहीत.

वजन करू नका. केलंत तर भलतंच काही कळायचं. १८३५ ते १९३९ या काळातला रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे कोऱ्या नाण्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. तुमचा झिजून ११.२० वर आला असेल तर १०.२७. ही झाली त्याची मोडीची किंमत, आणि झिजक्या, खरवडलेल्या, नेहमीच्या सालाच्या नाण्याला बहुतेक वेळा हीच एक किंमत असते. १९४० पासून तर चांदी निम्मीच, तीही १९४५ पर्यंत. पुढे १९४७ चा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटला की 'यात काहीतरी शक्ती आहे' असं म्हणायला विसरू नका.

खरी चांदी ओळखायला रुपया फरशीवर आपटा. बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने टिचकी मारली तरी तोच नाद येतो, पण मग काठाला पोचा कसा पडणार? पाण्याचा प्रयोग तर अजिबात नको. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा, दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पूर्ण बुडवायचं, आणि नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागायचं. साधारण १०.३ आलं तर जुना रुपया, साडेनऊच्या आसपास आलं तर निम्म्या चांदीचा, नवाच्या खाली घसरलं तर तांब्या-पितळेचा बनाव. नाणं कितीही झिजलेलं असो, भागाकार बदलत नाही. म्हणूनच तो टाळायचा.

साल मात्र अभिमानाने सांगा, तपासू नका. १८६२ लिहिलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. मुंबईच्या टाकसाळीने वर्षं ओळखू यावीत म्हणून बारीक ठिपके दिले. भाव ठरवताना भिंगाखाली तेच ठिपके मोजतात आणि चिंचेने आधी तेच जातात. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर गेले, बाकीचे वितळवले. म्हणून १९११ ला मागणी. पुढच्या वर्षी सोंड नीट केली, पण झिजली की १९१२ च्या हत्तीचंही डुक्करच होतं! तेव्हा मागच्या बाजूचं साल अंगठ्याखाली झाका आणि 'डुकराचा रुपया' म्हणून खुशाल मिरवा. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ असतो, त्यामुळे ९ च्या पोटात कोरणीच्या खुणा दिसल्या तर भिंग बाजूला ठेवा.

माळेसाठी भोक पाडलेलं असेल तर बुजवून घ्या. कडी झाळलेली असेल तर कानशीने घासून काढा. भोकाच्या नाण्याला कमी का होईना, गिऱ्हाईक असतं. झाळलेल्या डागाचं नाणं वितळवायला आटणीतच जातं.

राम-सीतेचं 'ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं' सापडलं असेल तर कळसच झाला. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही, ती मागाहून बनवलेली देवाची टोकनं. पण देव तर खरे आहेत ना!

आता विक्री. फोनवर कुणी 'लाखात घेतो, आधी कमिशन आणि कर भरा' म्हणाला की लगेच भरा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याच फसवणुकीबद्दल इशारा दिला होता, पण तो बहुधा दुसऱ्यांसाठी असावा. परदेशी गिऱ्हाईकही शोधा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, तेवढं सोडलं तर बेत झकास.

आणि शेवटी जा गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात. सराफ नाणं काट्यावर ठेवील, टंच म्हणजे चांदीची शुद्धता विचारात घेईल, वितळवतानाची घट धरील आणि मोडीचा भाव सांगेल. त्याला हे नाणं म्हणजे चांदीकामाच्या हुपरी गावातल्या पैंजणाचा कच्चा माल. अपमान झाला असं वाटलं तर तडक बाहेर पडा, आणि पुढच्या दुकानाची पायरी चढण्याआधी रुपया पुन्हा एकदा चांगला घासून घ्या.